गावाने आखलेली रानफेरी: अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागासाठी सविस्तर मार्गदर्शन

मे महिना संपत आला की भंडारदरा धरणाच्या भोवतालच्या गावांत काजवे चमकू लागतात, आणि त्याच सुमारास मुंबई, पुणे व नाशिककडून येणाऱ्या गाड्यांच्या रांगाही लागतात. ज्या हिरड्या-सादड्याच्या झाडांवरचा लखलखाट पाहण्यासाठी माणसे इतक्या लांबून येतात, त्याच झाडांवर गाड्यांच्या दिव्यांचे झोत पडतात, स्पीकर वाजतात आणि सकाळी झाडांखाली प्लास्टिकच्या बाटल्यांचा खच उरतो. गावाला यातून थोडी कमाई होते हे खरे आहे. परंतु किती माणसे यावीत, त्यांनी कोठे थांबावे आणि काय पाहावे, यांपैकी काहीही गावाच्या हाती राहत नाही. प्रस्तुत लेखात याच्या उलट मार्गाची आखणी दिली आहे. फेरी गावाने ठरवावी, वाट गावातल्या माणसाने दाखवावी, संख्या मर्यादित असावी आणि जमलेली माहिती व उरलेला पैसा गावातच राहावा, हे या आखणीचे सूत्र आहे.

उदाहरणादाखल अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याचा पश्चिम भाग घेतला आहे. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे राज्यातील सर्वोच्च शिखर, रतनगड, हरिश्चंद्रगड, प्रवरा आणि मुळा या नद्यांचे उगम, आणि १९८६ साली घोषित झालेले सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य असा हा मुलूख आहे. महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती येथे पिढ्यानपिढ्या आहे. सह्याद्रीतील अन्य गावांनाही येथील बहुतेक पायऱ्या लागू पडतील. केवळ पिकांची व फुलांची वेळापत्रके बदलावी लागतील.

पहिली बैठक आणि परवानग्या

कार्यक्रमाची कल्पना शहरातल्या मंडळाची असो वा गावातल्या शिक्षकाची, पहिली बैठक गावातच व्हावी, आणि तीही तारीख, शुल्क वा जाहिरात ठरण्यापूर्वी. तालुक्यातील पुष्कळ गावे अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आदिवासीबहुल म्हणून घोषित भागात, मोडतात, त्यामुळे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला विशेष स्थान दिलेले आहे. तेव्हा केवळ सरपंचांचा होकार घेऊन पुढे जाऊ नये. बैठकीला गुरे वळणारे, रानातून हिरडा व भाज्या गोळा करणाऱ्या बाया, बचत गटाच्या सदस्या, शाळेतील शिक्षक आणि देवस्थानाची व्यवस्था पाहणारे असावेत. रानाचे खरे ज्ञान ज्यांच्याकडे असते ती माणसे सभेत सहसा मागे बसतात आणि बोलत नाहीत. म्हणून संयोजकांनी आधी त्यांच्या घरी जाऊन बोलावे हे उत्तम.

या बैठकीत तीन गोष्टींचा स्पष्ट निर्णय व्हावा. कोणत्या जागी बाहेरच्या माणसाने जाऊ नये, हा पहिला प्रश्न. देवराई, पिण्याच्या पाण्याचा झरा, स्मशान, एखाद्या कुळाचे देवस्थान अशा जागा गावाने वगळल्या तर त्यामागचे कारण विचारण्याची गरज नाही. एका वेळी किती पाहुणे गावाला पेलतील, हा दुसरा प्रश्न. आणि नफा-तोटा कसा वाटायचा, हा तिसरा. निर्णय सभेच्या वहीत लिहून घ्यावेत, कारण पुढील वर्षी पदाधिकारी बदलले तरी वही राहते.

वाट अभयारण्यातून जात असेल तर वन विभागाची परवानगी अनिवार्य आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २८ नुसार पर्यटन, छायाचित्रण वा अभ्यासासाठी अभयारण्यात प्रवेश करण्याचा परवाना लागतो. या भागात भंडारदरा आणि राजूर ही वन्यजीव विभागाची दोन परिक्षेत्रे आहेत. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना किमान एक महिना आधी लेखी अर्ज द्यावा आणि त्यात तारीख, वेळ, वाट, पाहुण्यांची संख्या, वाटाड्यांची नावे आणि गाड्या थांबवण्याची जागा लिहावी. अर्ज केवळ उपचार म्हणून देऊ नये. बीटवरील, म्हणजे त्या भागाची राखण करणाऱ्या, वनरक्षकाला पाहणीच्या फेरीलाच सोबत घेतल्यास कोठे बिबट्याचा वावर आहे, कोठे वणवा लागून गेला आहे, हे आधीच कळते आणि पुढची अर्धी चिंता मिटते.

तारीख शेतीच्या कामांना विचारून ठरवावी

शहरातल्या संयोजकांकडून सर्वाधिक चूक होते ती येथे. त्यांच्या दिनदर्शिकेत शनिवार-रविवार असतात, गावाच्या दिनदर्शिकेत राब भाजणी (रोपांच्या जागेवर फांद्या-पाचोळा जाळणे), पेरणी, आवणी (भातरोपांची लावणी), कापणी आणि मळणी असते. जुलैमध्ये भाताची आवणी चालू असताना रान सर्वांत हिरवे दिसते खरे. परंतु त्या दिवसांत घरातला प्रत्येक हात चिखलात असतो, आणि अशा वेळी पाहुण्यांच्या स्वयंपाकासाठी बायांना शेतातून उठवणे अन्यायाचे आहे. आवणी आटोपल्यावरचा ऑगस्ट, भातकापणीपूर्वीचा सप्टेंबरचा उत्तरार्ध, मळणीनंतरची थंडी आणि पेरणीपूर्वीचा मे अखेर, या चार फटी गावाला सोयीच्या असतात. सुदैवाने त्या चारही वेळांना रानात दाखवण्यासारखे भरपूर असते.

दिवसातली वेळही तशीच विचारपूर्वक घ्यावी. पहाटे पाणी भरणे, धारा काढणे आणि गुरे सोडणे होईपर्यंत वाटाड्या म्हणून येणाऱ्या बायांना मोकळीक मिळत नाही. पक्ष्यांची फेरी लवकर निघणे आवश्यक असते. वनस्पतींची फेरी मात्र आठ वाजता निघाली तरी काही बिघडत नाही. त्यामुळे पक्ष्यांसाठी तरुण वाटाडे आणि वनस्पतींसाठी जाणत्या बाया अशी विभागणी केल्यास दोन्ही साधते.

वाटेची पाहणी

फेरीची वाट नकाशावर आखू नये, पायांनी आखावी. पाहणी दोनदा करावी: एकदा कार्यक्रमाच्या दहा-पंधरा दिवस आधी आणि एकदा आदल्या दिवशी, दोन्ही वेळा फेरीच्याच प्रहरी. सकाळच्या उजेडात सोपी वाटलेली पायवाट रात्री काजवे पाहताना घातक ठरू शकते, आणि आठवड्यापूर्वी कोरडा असलेला ओढा एका पावसात कमरेपर्यंत येऊ शकतो.

तीन तासांच्या फेरीसाठी दोन ते तीन किलोमीटर पुरेसे आहेत. यापेक्षा लांब वाट घेतली की माणसे चालत राहतात आणि पाहणे राहून जाते. शक्यतो वाट वळसा घेऊन गावातच परतणारी असावी, आणि तिच्यात शेताचा बांध, ओढ्याचा काठ, दाट झाडी व उघडा कातळ असे वेगवेगळे अधिवास यावेत. कातळावर थांबल्यास एकावर एक साचलेल्या लाव्हाच्या थरांतून सह्याद्री कसा घडला हे हाताने दाखवता येते. बांधावर थांबल्यास नागली, वरई, खुरासणी आणि जुन्या भातवाणांबद्दल बोलता येते. याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या जतनासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्यामुळे येथील निसर्गफेरीतून शेत वगळणे मला तरी अपुरे वाटते. गुरे चरणे, गवत कापणे, राबासाठी फांद्या तोडणे, हिरडा वेचणे यांतूनच या रानाला आजचे रूप आले आहे, आणि पाहुण्यांनी ते समजून घेतले पाहिजे.

पाहणीच्या वेळी सहा ते आठ थांबे ठरवून प्रत्येकाची टिपणे घ्यावीत. झाडाचे स्थानिक नाव, त्याचा उपयोग, तेथे दिसलेले पक्षी व कीटक, बसायला सावली आहे का, हे त्यात यावे. याखेरीज आग्या मोहोळ कोठे आहे, दगड कोठे सुटे आहेत, मोबाइलला रेंज कोठे मिळते, जीप कोठपर्यंत येते आणि बायांसाठी स्वच्छतागृहाची सोय कोणत्या घरी होईल, हेही लिहावे. शेवटचा मुद्दा बहुतेक आयोजनांत विसरला जातो, आणि त्यामुळे अनेक स्त्रिया सकाळभर पाणी न पिता चालतात. हे टाळणे पूर्णपणे संयोजकांच्या हाती आहे.

एका वाटाड्यामागे बारा ते पंधरा पाहुणे आणि सर्वांत मागे गावातला एक अनुभवी माणूस, ही मर्यादा पाळावी. गट मोठा झाल्यास दोन भाग करून अर्ध्या तासाच्या अंतराने सोडावेत. एकूण संख्या चाळिसाच्या पुढे गेल्यास दुसरी तारीख द्यावी.

काजव्यांची रात्र

या भागातील सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत नाजूक कार्यक्रम हाच असल्याने त्याचे नियम सविस्तर देत आहे. काजवा हा भुंग्यांच्या कुळातला कीटक आहे. त्याच्या आयुष्याचा बहुतांश काळ अळीच्या रूपात, ओलसर मातीत आणि पालापाचोळ्यात जातो. तेथे ती अळी गोगलगाई व तत्सम मऊ जीव खाऊन वाढते. पंख फुटलेला काजवा मोजके दिवस, फार तर दोन-तीन आठवडे जगतो, आणि या काळात त्याला एकच काम असते: प्रकाशाच्या खुणेने जोडीदार शोधणे. नर विशिष्ट लयीत चमकतो आणि मादी त्याला उत्तर देते. गाडीचा दिवा, टॉर्च वा मोबाइलचा पडदा यांच्या उजेडात ही खूण हरवते, आणि हरवलेली प्रत्येक रात्र त्या अल्प आयुष्यातून कायमची वजा होते.

यावरून नियम आपोआप ठरतात. गाड्या गावाबाहेर, झाडांपासून किमान अर्धा किलोमीटर अंतरावर थांबवाव्यात आणि तेथून पुढे पायी जावे. प्रत्येक टॉर्चवर लाल जिलेटीन कागदाचे दोन-तीन थर रबराने बांधावेत आणि प्रकाश केवळ पायांपुढे धरावा. लाल प्रकाशाचा काजव्यांना त्रास पुष्कळ कमी होतो. मोबाइल पिशवीत बंद करून ठेवावेत. फ्लॅश पूर्णपणे वर्ज्य असावा. कॅमेऱ्याची तिकाटी लावून बराच वेळ प्रकाश घेणारे छायाचित्रण करू इच्छिणाऱ्यांना वेगळी जागा द्यावी, अन्यथा त्यांच्या पडद्यांच्या उजेडात इतरांची रात्र खराब होते. झाडाखाली कोणीही जाऊ नये, कारण पाचोळ्यात अळ्या आणि गवतावर माद्या असतात. पायवाटेवर उभे राहूनच पाहावे. काजवा हातात घेणे वा बाटलीत धरणे मुलांनाही करू देऊ नये. त्याऐवजी त्यांना चमकण्याची लय टाळी न वाजवता बोटांवर मोजायला सांगावे. मुले त्यात रमून जातात.

तारीख अमावस्येच्या जवळची घ्यावी. उकाडा असलेली, हवेत दमट ओलावा भरलेली, वारा नसलेली रात्र सर्वांत चांगली असते. मोसमी पाऊस जोराने सुरू झाला की हा सोहळा थोड्याच दिवसांत ओसरतो, म्हणून जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतरच्या तारखा जाहीर करू नयेत. रात्री आठ ते दहा ही वेळ पुरेशी आहे. गावातील दिव्यांचीही व्यवस्था करावी लागते: झाडांच्या बाजूचे अंगणातले व रस्त्यावरचे दिवे त्या दोन तासांपुरते बंद ठेवण्याचे घरोघरी सांगून ठरवावे. वन विभाग दर हंगामात प्रवेशाच्या वेळा आणि नियम जाहीर करतो. ते फलकावर लावावेत आणि नोंदणी करतानाच पाहुण्यांना कळवावेत.

नियम न पाळणाऱ्या गटाला परत पाठवण्याचा अधिकार वाटाड्याकडे असावा आणि शुल्क परत मिळणार नाही हे आधीच लिहिलेले असावे. हा अधिकार कागदावर असून चालत नाही. पहिल्याच वेळी तो वापरला गेला पाहिजे आणि संयोजकांनी वाटाड्याच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे.

श्रावणातल्या रानभाज्या

काजव्यांच्या रात्री डोळ्यांना जे मिळते, ते रानभाज्यांच्या फेरीत हातांना आणि जिभेला मिळते, आणि येथे नेतृत्व निःसंशय बायांचे असते. कृषी विभागही अलीकडे ऑगस्टमध्ये, ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास, ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो. गावाने त्या तारखांच्या आसपास आपली छोटी फेरी ठेवल्यास तालुक्याच्या ठिकाणी भाज्या घेऊन जाण्यासाठीही ती उपयोगी पडते.

पहिल्या पावसाबरोबर शेवळ येते, मग फोडशी, टाकळा, कुर्डू, चाई, भारंगी आणि करटुली अशी रांग लागते. ऑगस्टच्या फेरीत शेवळ ताजे मिळणार नाही; ते वाळवून ठेवलेले असल्यास दाखवावे. कारण शेवळाच्या निमित्ताने एक महत्त्वाची गोष्ट सांगता येते: त्यातील सूक्ष्म स्फटिकांमुळे घशाला खाज सुटते, आणि म्हणून ते काकडाच्या फळांबरोबर किंवा चिंचेबरोबर शिजवतात. भाजी ओळखणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती शिजवण्याची रीत ठाऊक असणेही महत्त्वाचे, हे पाहुण्यांना येथे पटते.

येथे दोन नियम कडक असावेत. दोन जाणत्या बायांनी स्वतंत्रपणे ओळखल्याखेरीज कोणतीही वनस्पती टोपलीत पडू नये. आणि रानात कोणीही कच्चे पान वा कंद चाखू नये. कळलावीचे सुंदर लाल-पिवळे फूल याच हंगामात कुंपणांवर दिसते आणि तिचा कंद अत्यंत विषारी असतो, हे मुद्दाम दाखवावे. तोडणीची शिस्तही पाहण्याजोगी असते. कोवळा शेंडा खुडतात, मूळ उपटत नाहीत. एका जागेचा सगळा फुटवा घेत नाहीत. करटुलीचा वेल ओढत नाहीत, कारण पुढच्या वर्षीचे पीक जमिनीतल्या कंदावर अवलंबून असते. पाहुण्यांची संख्या चाळीस असेल तर चाळीस माणसांनी मिळून खुडायचे नाही. वाटाडी बाई खुडेल आणि इतर पाहतील, अन्यथा एका सकाळीत गावाच्या आठवडाभराच्या भाजीचा फडशा पडेल.

फेरीनंतर बचत गटाने पाच-सहा भाज्या, नागलीची भाकरी आणि वरईचा भात असे जेवण द्यावे. प्रत्येक भांड्याशेजारी त्या भाजीची ताजी जुडी ठेवून पुठ्ठ्यावर तिचे गावातले नाव लिहावे. याच तालुक्यात एकाच भाजीला दोन खोऱ्यांत दोन नावे असू शकतात, तेव्हा पुस्तकातले नाव वर आणि गावातले खाली असा मान उलटा करू नये.

उरलेले ऋतू

सप्टेंबरच्या उत्तरार्धात सोनकी आणि तेरड्याने उतार रंगतात, खुरासणीची शेते पिवळी होतात, आणि सात-आठ वर्षांतून एकदा कारवी फुलते. या दिवसांत फुलांत बसून छायाचित्रे काढण्याचा मोह आवरावा लागतो. कातळावरची माती जेमतेम बोटभर असते आणि तुडवलेली जागा पुन्हा रुजायला वेळ घेते. हाच फुलपाखरांचाही काळ आहे, आणि राज्य फुलपाखराचा मान २०१५ साली मिळालेले ब्लू मॉरमॉन, म्हणजे नीलवंत, ओढ्याकाठी दिसू शकते. नोव्हेंबरमध्ये राज्यात पक्षी सप्ताह साजरा होतो. मारुती चितमपल्ली यांचा ५ नोव्हेंबर आणि डॉ. सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर हे जन्मदिवस साधून तो आखलेला आहे, आणि शाळेसाठी याहून योग्य आठवडा नाही. दुर्बिणी मोजक्याच असतील तरी अडचण मानू नये. सातभाई, बुलबुल, दयाळ, तांबट, खंड्या हे पक्षी डोळ्यांनी व कानांनीही ओळखता येतात. डिसेंबरच्या स्वच्छ रात्री मृग आणि कृत्तिका पाहाव्यात. १४ डिसेंबरच्या आसपास मिथुन राशीतील उल्कावर्षाव असतो. उन्हाळ्यात बुद्धपौर्णिमेला वन विभाग पाणवठ्यांवर प्राण्यांची नोंद घेतो. तेथे मात्र गावकार्यक्रम म्हणून गर्दी नेऊ नये, निवडक स्वयंसेवकांनी विभागाच्या मचाणावर शांतपणे बसावे.

फेरीचा दिवस

सर्वांना अर्धा तास आधी बोलवावे. चहा होईपर्यंत नावे, वय, आपत्काळी कळवायचा क्रमांक आणि दमा, मधुमेह, हृदयविकार वा मधमाशीच्या दंशाची ॲलर्जी यांची नोंद घ्यावी. मग गोलात उभे राहून गावातल्या वडीलधाऱ्या माणसाने स्वागत करावे, वाटाड्याने नियम सांगावेत, आणि निघण्यापूर्वी दोन मिनिटे सर्वांनी डोळे मिटून किती निरनिराळे आवाज ऐकू येतात ते मोजावे. या दोन मिनिटांनंतर गटाचा आवाज आपोआप खाली येतो.

वाटाड्याने थांब्यावर पोहोचताच नाव सांगण्याची घाई करू नये. साल कशी आहे, पान चुरगळल्यावर वास कसला येतो, पानाखाली कोणाची अंडी आहेत, हे पाहुण्यांना आधी शोधू द्यावे आणि मग नाव व गोष्ट सांगावी. गावातल्या माणसाला असे बोलायची सवय नसते आणि माइक हाती दिल्यास तो संकोचतो. म्हणून आधीच्या आठवड्यात शाळेतल्या मुलांना घेऊन एक सरावफेरी करावी. शहरातून आलेला अभ्यासक सोबत असेल तर त्याने वाटाड्याच्या बोलण्यानंतर पूरक माहिती द्यावी, मध्येच दुरुस्ती करू नये. मतभेद असेल तर तो दोघांनी नंतर बसून सोडवावा.

मुलांसाठी एक साधन फार उपयोगी ठरते: चार मीटर सुतळी आणि चार खुंट्या. जमिनीवर एक मीटरचा चौकोन आखून त्यात दिसणारी प्रत्येक सजीव वस्तू वीस मिनिटांत नोंदवायची. बांधावरचा चौकोन आणि झाडीतला चौकोन यांची तुलना केली की मुले स्वतःच प्रश्न विचारू लागतात. गावातल्या मुलांना या फेरीत शुल्क न घेता समान जागा असावी, आणि जोड्या करताना एक गावातले व एक बाहेरचे मूल एकत्र ठेवावे.

सुरक्षितता

या परिसरात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आढळतात. घोट्याच्या वर येणारे बूट, काठी आणि अंधारात टॉर्च यांनी बहुतेक धोका टळतो. दंश झालाच तर माणसाला निजवून धीर द्यावा, अंगठ्या व बांगड्या काढाव्यात, दंशाचा अवयव फळीला सैलसर बांधून हलू देऊ नये आणि तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दोरीने आवळून बांधणे, चिरा देणे, तोंडाने विष ओढणे आणि साप मारून सोबत नेणे हे सर्व वर्ज्य आहे. ज्या ठिकाणी रेंज नाही तेथे रुग्णवाहिकेची वाट पाहणे धोक्याचे ठरते, म्हणून गावात एक जीप व चालक दिवसभर राखीव असावा. राजूर वा अकोले येथील ग्रामीण रुग्णालयात सर्पविषावरील लस उपलब्ध आहे की नाही, याची चौकशी आदल्या दिवशी फोनने करावी. मुक्काम असल्यास जमिनीवर उघड्यावर झोपू नये. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश अनेकदा दुखतही नाही. खाटेवर, मच्छरदाणीत झोपावे.

आग्या मोहोळाच्या बाबतीत धूर, अत्तर, दगड आणि आरडाओरडा टाळावा. मधमाश्या उठल्याच तर तोंड झाकून सरळ दूर पळावे आणि घरात वा गाडीत शिरून दारे बंद करावीत. पाण्यात उडी मारू नये. मे अखेरच्या वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात विजा पडतात, तेव्हा पहिला गडगडाट ऐकताच कडा, पठार आणि एकटे झाड सोडून खाली यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा वर जाऊ नये. ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा त्यात काटक्या-पाने वाहून येऊ लागली तर वर पाऊस झाला आहे असे समजून तत्काळ काठ सोडावा. साम्रदजवळची सांधण दरी पावसाळ्यात कोणत्याही कारणाने कार्यक्रमात घेऊ नये.

फेरी रद्द करण्याचा निर्णय एकाच व्यक्तीकडे असावा, आणि ती व्यक्ती गावातली असावी. पैसे जमा झाले आहेत, पाहुणे लांबून आले आहेत, या दडपणाखाली बाहेरचा संयोजक चुकीचा निर्णय घेण्याची शक्यता अधिक असते. गावातल्या गुराख्याला ढग कळतात.

नोंदी कोणाच्या?

प्रत्येक थांब्यावर तारीख, वेळ, हवामान, जागा, स्थानिक नाव, संख्या आणि पाहणाऱ्याचे नाव एका छापील तक्त्यात लिहावे. पक्ष्यांच्या याद्या ई-बर्ड या संकेतस्थळावर आणि इतर जीवांची छायाचित्रे आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर टाकता येतात, तेथे जगभरचे अभ्यासक ओळख पटवण्यास मदत करतात. परंतु मूळ तक्ता गावात राहिला पाहिजे. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे काम आहे. पुष्कळ ठिकाणी ही वही एकदाच लिहून कपाटात ठेवली जाते. दर हंगामातल्या फेरीचे तक्ते समितीकडे दिल्यास ती जिवंत राहते: कोणत्या वर्षी काजवे किती उशिरा आले, कोणत्या ओढ्यातले खेकडे कमी झाले, हे गावाला स्वतःच्या नोंदींवरून सांगता येते.

दोन गोष्टी मात्र लिहू नयेत वा जाहीर करू नयेत. दुर्मीळ आमरी (ऑर्किड), घरटी आणि मोहोळे यांच्या नेमक्या जागा कोणत्याही माध्यमावर देऊ नयेत. वैदूंचे औषधी ज्ञान त्यांच्या स्पष्ट संमतीखेरीज नोंदवू नये वा चित्रित करू नये. ते ज्ञान त्यांच्या घराण्याची मालमत्ता आहे, आणि त्याचा व्यापारी उपयोग झाल्यास लाभात वाटा मिळण्याची तरतूद याच कायद्यात आहे.

पैशाचा हिशेब

शुल्काची विभागणी नोंदणीपत्रावरच छापावी. समजा, ३० पाहुण्यांकडून प्रत्येकी ६०० रुपये घेतले, तर १८,००० रुपये जमतात. न्याहारी व जेवणासाठी माणशी २०० प्रमाणे ६,००० बचत गटाला, चार वाटाड्यांना प्रत्येकी १,००० प्रमाणे ४,०००, माहिती देणाऱ्या दोन ज्येष्ठांना मिळून २,०००, राखीव जीप व प्रथमोपचारासाठी १,५०० आणि छपाई-सुतळी इत्यादींसाठी ५०० धरल्यास १४,००० खर्च होतो आणि ४,००० गावनिधीत उरतात. वन विभागाचे प्रवेशशुल्क यात धरलेले नाही, ते पाहुण्यांनी वेगळे भरावे. ज्येष्ठांचे मानधन अनेकदा संकोचाने टाळले जाते, शाल-श्रीफळावर भागवले जाते. माझ्या मते ते वाटाड्याच्या मजुरीइतकेच नियमित आणि रोख असले पाहिजे.

संध्याकाळी पाहुण्यांचा कचरा त्यांच्याच गाड्यांतून परत पाठवावा आणि मुलांना घेऊन संपूर्ण वाटेवर एकदा फिरून यावे. आठ दिवसांच्या आत जमाखर्च ग्रामसभेच्या फलकावर लावावा. तक्त्यांची एक प्रत शाळेला, एक जैवविविधता समितीला आणि एक वनपरिक्षेत्र कार्यालयाला द्यावी. गावनिधीतल्या पैशाचे काय करायचे, रोपे आणायची, झऱ्याची डागडुजी करायची की शाळेसाठी दोन दुर्बिणी घ्यायच्या, हे त्याच सभेत ठरवावे, आणि पुढच्या फेरीची तारीख भात सोंगणीचा अंदाज घेऊन तेथेच पक्की करावी.